पोटात गोळा येतो तेव्हा



मुलांच्या मोबाईलवरच्या गेल्या लेखानंतर एका ताईंचा निरोप आला. "मोबाईलचं पटलं. पण आमची मुलगी रोज सकाळी पोट दुखतं म्हणून रडते, आणि डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही. आता काय करायचं?" मी पडलो सॉफ्टवेअरवाला, बीई. पोटातलं मला काय कळणार? पण हाच प्रश्न आमच्या घरी सात-आठ महिने मुक्कामाला होता, म्हणून या वेळी त्यावरच लिहितोय. लेकीला विचारून लिहितोय. तिने दोन अटी घातल्यात. तिचं नाव यायचं नाही, आणि तिला 'भित्री' म्हणायचं नाही.

तेव्हा ती तिसरीत होती. शनिवारी रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाणारी, रविवारी सकाळी पोहे-जलेबी चापणारी पोर रविवारी संध्याकाळ झाली की गप्प व्हायची. सोमवारी सकाळी बूट घालताना पोटावर हात. कधी उलटी, कधी डोकं दुखणं, कधी नुसतं रडणं. आधी आईने, म्हणजे तिच्या आजीने, ओवा-मीठ दिलं, बेंबीला हिंग लावला, एक दिवस मीठ-मोहरीने दृष्टही काढली. मग रक्त, लघवी, सोनोग्राफी. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मी तर एकदा चिडून म्हणालो, "काही झालेलं नाहीये तुला, नाटकं बंद कर." त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

शेवटी आमच्या बालरोगतज्ज्ञांनी एकच प्रश्न विचारला. "दिवाळीच्या सुट्टीत किती वेळा दुखलं?" मी आणि बायको एकमेकांकडे बघत राहिलो. एकदाही नाही.

"म्हणजे खोटं बोलते का ती?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "नाही. दुखतंय ते खरंच दुखतंय. फक्त त्याचं कारण पोटात नाहीये."

गंमत म्हणजे आपल्या मराठीला हे कधीचं माहीत आहे. भीतीने आपल्या पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं, हातपाय गळतात, तोंडचं पाणी पळतं. धोका दिसला की मेंदू शरीराला पळायला किंवा लढायला तयार करतो. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, पचनाचं काम बाजूला ठेवून रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. मोठ्या माणसाला "मला धास्ती वाटतेय" असं सांगता येतं. आठ वर्षांच्या मुलाकडे तो शब्द नसतो, त्याच्याकडे पोट असतं.

आमच्या ऑफिसात सर्व्हरवर अलार्म लावलेले असतात. त्याचं सेटिंग जास्तच नाजूक झालं, तर सर्व्हर धडधाकट असताना रात्री दोन वाजता फोन वाजतो. अलार्म असणं चुकीचं नाही, तो नसेल तर एक दिवस सगळंच बसेल. फक्त तो कधी वाजावा याचं गणित बिघडलेलं असतं. चिंताविकाराचंही बरंचसं असंच आहे.

भीती कधी साधी, कधी विकार?

प्रत्येक वयाची आपली भीती असते. आठ-दहा महिन्यांचं बाळ परक्या माणसाकडे जात नाही. दोन-तीन वर्षांचं मूल आई दिसेनाशी झाली की रडतं. त्यापुढे अंधार आणि भुतं येतात. सात-आठच्या पुढे चोर, आजारपण, मरण. आणि बारा-तेराला 'लोक काय म्हणतील'. हे सगळं येतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. त्यासाठी डॉक्टर गाठायची गरज नसते.

शंका कधी घ्यायची? मला समजावून सांगितलेले तीन प्रश्न सांगतो. ही भीती त्या वयाच्या इतर मुलांपेक्षा खूप जास्त आहे का? ती किती दिवस टिकली आहे? आणि तिच्यामुळे काय काय बंद पडलंय, म्हणजे शाळा, झोप, खेळ, मित्रांकडे जाणं? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

मुलांमध्ये प्रामुख्याने दिसणारे प्रकार असे. घरच्यांपासून दूर होण्याची चिंता, म्हणजे सेपरेशन अँक्झायटी. ती मुलांमध्ये निदान चार आठवडे टिकली तर विकार म्हणून बघतात. लोकांसमोर बोलण्या-वागण्याची टोकाची भीती, म्हणजे सोशल अँक्झायटी. सगळ्याच गोष्टींची सतत काळजी, म्हणजे जनरलाइज्ड अँक्झायटी. आणि कुत्रा, इंजेक्शन, वीज अशा एखाद्याच गोष्टीचा फोबिया. या शेवटच्या तिन्हींसाठी साधारण सहा महिन्यांची मुदत धरतात.

एक प्रकार आपल्यासारख्या घरांनी खास लक्षात ठेवावा: सिलेक्टिव्ह म्यूटिझम. मूल घरी पोपटासारखं बोलतं, पण शाळेत महिना उलटला तरी तोंडातून शब्द काढत नाही. आपली मुलं घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वावरतात. वडोदऱ्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू, बेळगावात कन्नड त्यात भर घालते. त्यामुळे "नवीन भाषा आहे, बोलेल हळूहळू" असं म्हणून विषय संपतो. शाळेचा पहिला महिना तसा सोडून द्यावाच. पण भाषा कळत असूनही मूल मराठी मित्राशीसुद्धा वर्गात बोलत नसेल, तर अडचण भाषेची नाही.

घरात ते कसं दिसतं

घाबरलेलं मूल नेहमी घाबरलेलं दिसत नाही. अनेकदा ते चिडकं दिसतं. तयार होताना आरडाओरडा, चप्पल भिरकावणं, दार आपटणं यामागे भीती असू शकते. काही मुलं एकच प्रश्न वीस वेळा विचारतात: "तू घ्यायला येशील ना? नक्की ना?" काही जण अक्षर मनासारखं येईपर्यंत खोडरबराने वही फाडतात. काही शाळेचं स्वच्छतागृह वापरत नाहीत, म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. आणि काही इतकी शहाणी, शांत आणि आज्ञाधारक असतात की बाई पालकसभेत त्यांचं कौतुक करतात. ही शेवटची मुलं सगळ्यात जास्त सुटून जातात, कारण त्यांचा कुणाला त्रासच होत नाही.

हे दुर्मीळ आहे असंही समजू नका. जगभरातले अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज सांगतो की १८ वर्षांखालच्या शंभरातल्या सहा-सात मुलांना कुठला ना कुठला चिंताविकार असतो. चाळीस मुलांचा वर्ग धरला तर दोन-तीन जण.

आमच्या लेकीचं कोडं समुपदेशक बाईंसमोर, चित्र काढता काढता सुटलं. त्या वर्षी पावसाळ्यात एकदा ती शाळेत असताना माझ्या वडिलांच्या छातीत दुखलं होतं. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. ती घरी आली तेव्हा दाराला कुलूप, आणि शेजारच्या काकू तिची वाट बघत उभ्या. आठवड्याभरात आजोबा ठणठणीत होऊन परत आले. आमच्यासाठी विषय संपला. तिच्या हिशेबात मात्र एक सूत्र पक्कं झालं होतं. मी शाळेत गेले की घरी काहीतरी होतं. आणि हे ती कुणाला सांगत नव्हती, कारण बोललं तर ते खरं होईल असं तिला वाटत होतं.

आम्ही काय चुकलो

आधी रागावलो. त्याचा उपयोग झाला नाही, तेव्हा दुसऱ्या टोकाला गेलो. पोट दुखलं की सुट्टी. शाळेत गेलीच, तर मधल्या सुट्टीत ऑफिसातून आईला फोन करायची परवानगी. रात्री आजीच्या कुशीत झोप. मी ऑफिसला निघालो की पोचल्यावर व्हिडिओ कॉल. प्रत्येक गोष्ट प्रेमानेच केली होती, आणि प्रत्येक गोष्टीने त्या दिवशी तिला बरंही वाटलं. पण आजार वाढत गेला.

कारण सोपं आहे. सुट्टी मिळाली की गोळा लगेच विरघळतो. मेंदू त्यातून शिकतो की घरी थांबलो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी अलार्म अजून जोरात वाजतो. शाळेत जाऊनही घरी काही झालं नाही, हे शिकायची संधीच मिळत नाही. खोट्या अलार्मवर दर वेळी सर्व्हर बंद करून चालू केला, तर तो अलार्म खोटा होता हे कुणाला कधीच कळणार नाही.

बाईंनी याला 'सांभाळून घेणं' म्हटलं. आपल्या एकत्र घरांत सांभाळून घेणारे हात जास्त असतात. आई-बाबा ठाम राहिले तरी आजी हळूच म्हणते, "अरे, राहू दे रे आजचा दिवस, तोंड बघ केवढंसं झालंय." आईशी यावर माझं दोनदा वाजलं. मग आम्ही तिलाही बाईंच्या भेटीला नेलं, आणि तो आमचा सगळ्यात शहाणा निर्णय ठरला. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "म्हणजे मी तिला झाकून ठेवत होते म्हणायची."

माझंही एक सांगून टाकतो. लहानपणी प्रत्येक चाचणी परीक्षेच्या सकाळी मला उलटी व्हायची. घरात त्याला 'परीक्षेचा आजार' म्हणायचे आणि हसायचे. आजही रिलीजच्या रात्री मी तीच गोष्ट दहा वेळा तपासतो. आणि बायको माहेरी निघाली की "पोचलीस का?" असे तीन मेसेज टाकतो. चिंतेचा कल काही अंशी रक्तातून येतो आणि काही अंशी बघून शिकला जातो. लेक माझ्याकडेच बघत होती.

उपचार काय असतो

यावर सगळ्यात जास्त तपासला गेलेला उपचार म्हणजे सीबीटी, कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी. त्यात मूल आपली भीती ओळखायला शिकतं, मनातलं भाकीत तपासायला शिकतं, आणि मुख्य म्हणजे भीतीला थोडं थोडं करून सामोरं जातं. ही शेवटची कल्पना शंभर वर्षांची आहे. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली पीटर नावाच्या, तीनेक वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो सशाला भयंकर घाबरायचा. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा, असं त्यांनी केलं. मध्ये पीटर आजारी पडला, एका कुत्र्याने त्याला घाबरवलं, आणि भीती परत आली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. शेवटी तो ससा हाताळू लागला.

आमची शिडी अशी होती. पहिली पायरी: आई शाळेच्या फाटकाशी घंटा होईपर्यंत थांबणार. दुसरी: पाच मिनिटं थांबून निघणार. तिसरी: सोडून लगेच निघणार. चौथी: मधल्या सुट्टीतला फोन एक दिवसाआड. पाचवी: फोन बंद. सहावी: व्हॅनने जाणं. प्रत्येक पायरीआधी ती भीतीला शून्य ते दहा गुण द्यायची. आठचे चार झाले आणि ते करायचा कंटाळा आला की पुढची पायरी. कंटाळा येणं हीच उत्तम खूण, असं बाई म्हणायच्या. घरी रात्रीची वेगळी शिडी होती: आजीच्या कुशीतून आजीच्या शेजारच्या गादीवर, तिथून स्वतःच्या पलंगावर.

आम्हाला बोलायचं एक वाक्यही शिकवलं होतं. "तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि तरीही तू जाऊ शकतेस याची मला खात्री आहे." दोन्ही अर्धी हवीत. फक्त पहिलं अर्ध म्हटलं तर मूल घरी बसतं. फक्त दुसरं म्हटलं तर एकटं पडतं.

मूल समुपदेशकाकडे यायलाच तयार नसेल तर? येल विद्यापीठाच्या एली लेबोविट्झ यांनी 'स्पेस' नावाची पद्धत बसवली आहे. त्यात फक्त पालकांना शिकवतात: सांभाळून घेणं कसं कमी करायचं आणि आधार कसा द्यायचा. १२४ मुलांच्या अभ्यासात ही पद्धत मुलांना थेट दिलेल्या सीबीटीपेक्षा कमी पडली नाही. म्हणजे मुलाच्या होकाराची वाट न बघता आपण सुरुवात करू शकतो.

औषधांबद्दल आपल्याकडे दोन टोकं आहेत: एक तर "मेंदूची गोळी नकोच", नाहीतर "एक गोळी द्या आणि संपवा". २००८ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ७ ते १७ वयाची ४८८ मुलं, १२ आठवडे. नुसत्या सीबीटीने सुमारे ६० टक्के मुलांना स्पष्ट फरक पडला, नुसत्या सर्ट्रालिन या औषधाने ५५ टक्के, दोन्ही मिळून ८१ टक्के, आणि औषध नसलेल्या गोळीने २४ टक्के. सौम्य त्रासात बहुधा आधी सीबीटीच करतात, आणि आमच्या लेकीला औषध लागलं नाही. पण शाळा पूर्ण बंद पडली असेल, झोप-जेवण गेलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांनी सुचवलेल्या औषधाला घाबरू नका. या गटातल्या औषधांनी काही मुलांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये त्यांवर ठळक इशारा छापायला लावला. तेव्हा सुरुवातीच्या आठवड्यांत मुलावर नीट लक्ष ठेवायचं, ठरलेल्या तारखांना दाखवायचं, आणि मनाने बंद करायचं नाही. घरातल्या मोठ्यांच्या झोपेच्या किंवा 'टेन्शनच्या' गोळीचा तुकडा मुलाला कधीही देऊ नका.

कुठे जायचं

आधी बालरोगतज्ज्ञ. थायरॉइड, रक्तक्षय, दमा यांनीही धडधड आणि थकवा येतो. दम्याच्या पंपाने हात थरथरू शकतात. ते तपासून झालं की पुढचा रस्ता. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे औषध देऊ शकणारे डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी देतात, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. गाडीच्या सर्व्हिसिंगला आपण यापेक्षा जास्त प्रश्न विचारतो. अजून एक विचारा: "तुम्ही मुलांबरोबर सीबीटी करता का, आणि पालकांना त्यात काय काम असतं?" पालकांना काहीच काम नाही असं उत्तर आलं, तर दुसरीकडे बघा. खर्च परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभागाची चौकशी करा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. मूल मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या गोष्टी बोलत असेल, तर शिडी वगैरे बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

शाळेला सांगायचं का? आम्ही घाबरत घाबरत सांगितलं. वर्गशिक्षिकेने फक्त एवढंच केलं की ती आली की तिला रोज हजेरीची वही आणायला पाठवायच्या. हातात काम असलं की पहिली दहा मिनिटं सरायची. मात्र शाळेनेही अभ्यासाची किंवा शिस्तीची कटकट नाही ना, कुणी छळत नाही ना, हे बघायला हवं. खरंच आग लागली असेल तर अलार्मचं सेटिंग बदलून चालत नाही.

आणि आपल्या मंडळात

गणपती जवळ आलेत. दरवर्षी आपल्या स्टेजवर एखादं पाचेक वर्षांचं मूल माईकसमोर गोठून उभं राहतं. खालून आई खुणा करते, कुणीतरी हसतं, कुणीतरी मोबाईलवर टिपतं. घरीसुद्धा "काकूंना अथर्वशीर्ष म्हणून दाखव" चालूच असतं. माझी एक विनंती आहे. अशा मुलाला ढकलू नका, आणि कायमचं मोकळंही करू नका. या वर्षी त्याला पडद्याची दोरी ओढू द्या. पुढच्या वर्षी समूहगीतात मागच्या रांगेत उभं करा. त्यानंतर एका वाक्याची भूमिका. हीसुद्धा शिडीच आहे. आणि 'भित्री भागूबाई' हा शब्द मंडळाच्या आवारातून हद्दपार करा, मुलांसाठीही आणि मुलींसाठीही.

आमच्या घरी सगळं सरळ रेषेत झालं नाही. मे महिन्याच्या सुट्टीनंतर गोळा पुन्हा आला, आणि आम्ही दोन पायऱ्या खाली उतरून परत चढलो. आजही परीक्षेच्या आठवड्यात कधीतरी पोटावर हात जातो. पण आता ती म्हणते, "बाबा, अलार्म वाजतोय, चार आहे." आणि बूट घालते.

गेल्या हिवाळ्यात त्यांची सहल मांडूला गेली होती. सकाळी सहाला बस सुटली, रात्री आठला परत. दिवसभरात मी दहा वेळा फोन हातात घेतला. वर्गशिक्षिकांचा नंबर होता, विचारता आलं असतं. नाही विचारलं. त्या दिवशी गोळा माझ्या पोटात होता, आणि पायरीही माझीच होती. परत आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मस्त होतं. भूक लागलीये."

त्या ताईंना एवढंच सांगेन: या आठवड्यात वहीत लिहून ठेवा. पोट कधी दुखतं, त्याआधी काय होणार होतं, आणि तुम्ही काय केलं. ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. पोट कशामुळे दुखतंय, ते शोधायला बरीचशी मदत त्या पानांतच मिळेल.